गंगुबाईच्या इस्त्रीची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे, मित्रांनो. माझं वय माझ्या अंगावर वाचता येतं. एका कडेला परळच्या गिरणीतल्या शाईचे निळे डाग आहेत आणि मधोमध निखाऱ्याने पडलेली तीन काळी भोकं. कुठल्या रानात वाढले ते मात्र सांगता येत नाही. कापलेल्या झाडाला रान आठवत नाही, करवत आठवते.

गिरणीत माझ्यावर कापड तपासलं जायचं. ताग्यामागून तागा माझ्यावरून सरकायचा आणि शिवा नावाचा कोकणातला एक शिडशिडीत कामगार त्याच्या घड्या घालायचा. कापडावरून त्याचा हात असा फिरायचा, जसा तापातल्या लेकराच्या कपाळावरून आईचा फिरतो. पुढे गिरणी बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, माणसंही जवळपास तशीच गेली. शिवाने भंगारवाल्याकडून मला मागून घेतलं, डोक्यावर धरलं आणि परळहून दादरपर्यंत चालत आणलं. हिंदमाताच्या कापडबाजारामागे एका तीन मजली इमारतीत, अंगणाकडे उघड्या जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी एक कोपरा होता. तेव्हाच्या सेक्रेटरींनी तोंडी परवानगी दिली. शिवाने मला चार पाय ठोकले, गंगुबाईने माझ्यावर घोंगडी आणि चादर अंथरली, आणि मी इस्त्रीचं टेबल झाले.

गंगुबाई म्हणजे शिवाची बायको. तिची इस्त्री लोखंडी, कोळशाची, माणसाच्या तान्ह्या मुलाएवढी जड. ती उचलताना ती आधी एक श्वास घ्यायची आणि मग गुणगुणायची,

काळी माझी इस्त्री बाई, पोटी तिच्या निखारा,
लोकांच्या गं पदराला, देते सरळ किनारा.

ओव्या तिच्या स्वतःच्याच. कापड जसं समोर येईल तशी ओवी. शाळेच्या गणवेशाला निराळी, बारशाच्या झबल्याला निराळी. एक मात्र ती कुणी जवळ नसतानाच म्हणायची,

सुरकुतल्या सदऱ्याची, मोडली मी सुरकुती,
माझ्या कपाळीच्या आठ्या, माझ्यापाशीच राहती.

दुसऱ्या मजल्यावर मृणालिनीताई राहायच्या. बँकेत नोकरी, त्यामुळे सकाळी घाई. त्यांचा मुलगा उन्मेष चुरगळलेला शर्ट हातात घेऊन बनियनवरच खाली धावत यायचा. शर्ट होईपर्यंत माझ्या कोपऱ्यावर बसून खारी खायचा आणि चादरीवर चुरा सांडायचा. गंगुबाई म्हणायची, "मेल्या, उंदरांना जेवण घालतोस काय?" आणि चुरा पदराने झाडून टाकायची. त्याच्या दहावीच्या पेपरांचे शर्ट माझ्यावर झाले. पहिल्या मुलाखतीचाही. त्या दिवशी तिने कॉलर दोनदा केली आणि शर्ट त्याच्या अंगात घालून, मागून ओढून सरळ करून दिला.

कोळशाचा धूर वाईट. शिवाला खोकला लागला, पुढे तो थांबलाच नाही. तेव्हा गंगुबाईने विजेची इस्त्री आणली आणि सोसायटीकडे अर्ज केला, की मीटरजवळ एक बटण द्या, वेगळा मीटर लावा, बिल माझं मी भरीन. मीटिंग झाली. इमारतीची वायरिंग जुनी, तिला लोड झेपणार नाही, आग लागली तर जबाबदार कोण, आणि एकीला दिलं की उद्या सगळेच मागतील, असं ठरलं. नवे सेक्रेटरी अजितराव खाली येऊन तिला हे नीट समजावून सांगून गेले. विजेची इस्त्री खोक्यातून एकदाही बाहेर आली नाही. शिवा गेला. गंगुबाई तेरा दिवसांनी परत आली, कोळसे पेटवले आणि कामाला लागली.

आणि मग उन्मेषने गाडी घेतली. आपली साधी गाडी नव्हे. विजेची, परदेशी, शर्यतीतल्या घोड्यासारखी. साडेतीन सेकंदांत म्हणे शंभराचा वेग. हिंदमाताच्या चौकात ती कुठे पळणार होती ते मला कळलं नाही, पण फळीला कोण विचारतं. नोंदणी करून सहा महिने वाट पाहायची होती. उन्मेष येता-जाता मोबाईलवर दाखवायचा, आज गाडी कारखान्यातून निघाली, आज जहाजात चढली. गंगुबाईसुद्धा चष्मा पुसून बघायची आणि म्हणायची, "रंग बरा हा, झिला. दृष्ट काढूक होई."

एके दिवशी चार्जर बसवणारा माणूस आला. त्याने भिंतीवर हात ठोकून सांगितलं, मीटरशेजारी हीच जागा योग्य. इमारतीचा लोड वाढवावा लागेल, एवढंच. अजितरावांनी त्याच दिवशी सही केली. मित्रांनो, ज्या भिंतीत एका बाईला एक बटण मिळालं नव्हतं, त्याच भिंतीतून मनगटाएवढी केबल खाली आली. वायरिंगचं वय कुणी काढलं नाही. शेवटी तो माणूस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, इथे निखारे चालणार नाहीत, हे हलवा.

उन्मेषने टेप आणली. गाडीची लांबी, रुंदी, दार उघडायला लागणारी जागा, सगळं जमिनीवर खडूने आखलं. ती रेघ माझ्या चार पायांना बाहेरून वळसा घालून गेली. गंगुबाई गठ्ठा सोडत होती. तिने रेघेकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे.

"झिला, मग मी खंय उभी राहू?"

"मावशी, बघू ना. कमिटीशी बोलतो मी. आधी गाडी येऊ दे."

त्यावर मृणालिनीताई स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, मागे पंपाच्या खोलीपाशी पत्रा घालून देऊ, उलट तिथे वारा आहे, तुला बरंच पडेल. त्यांनी तिच्या खांद्यावर हातही ठेवला. गंगुबाईला तेवढं पुरलं.

त्याच महिन्यात हिंदमाताच्या एका साडीवाल्याने तिला निरोप पाठवला. दुकानाच्या ओट्यावर जागा रिकामी होती, बसायला स्टूल, विजेची इस्त्री, दिवसाला ठरावीक साड्या. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. वॉचमन दीपकने तिला कानाशी येऊन सांगितलं, "मावशी, जा गपचूप. मागे पत्राबित्रा काही येत नाही. मी इथे बारा वर्षं आहे, साधी माझी खुर्ची बदलली नाही यांनी."

"वैनींनी शब्द दिलाय रे. त्या खोटं बोलायच्या नाहीत. आणि मी गेले तर यांचे कपडे कोण करील?"

शनिवार आला आणि गेला.

गाडी घरी यायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरून एक पिशवी खाली आली. मृणालिनीताईंची पैठणी, सुनेची, म्हणजे सलोनीची, नवी साडी, उन्मेषचा रेशमी कुर्ता. शोरूममध्ये गाडीवरचं कापड ओढून काढतानाचे फोटो निघणार होते, चाकाखाली लिंबं ठेवायची होती, नारळ फुटणार होता. गंगुबाईने दोन्ही साड्या मलमल टाकून, जरीला वाफेचा थेंब लागू न देता केल्या. मग कुर्ता अंथरला. इस्त्री उचलली, आणि ती तशीच वर धरून राहिली.

तीस वर्षांत तिच्या हातून एक कापड जळलं नव्हतं. त्या क्षणी इस्त्रीची धग कुर्त्यातून, चादरीतून, घोंगडीतून माझ्यापर्यंत पोचली. मी खोटं बोलणार नाही, मित्रांनो. मी मनात म्हणत होते, टेकव. एकदाच टेकव आणि हात उचलू नकोस.

तिने इस्त्री पितळी तव्यावर ठेवली, बोट ओलं करून ताप पाहिला, आणि कुर्ता केला. कॉलर दोनदा केली. पैसे घेतले नाहीत. माझ्या हातचं म्हणून राहू दे, असं दीपकजवळ सांगून पिशवी वर पाठवली. संध्याकाळी दीपक आणि आणखी एकाने मला उचलून फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवलं. आत रांगोळी काढायची होती.

दुसऱ्या दिवशी गंगुबाई सकाळपासून माझ्याशेजारी उभी होती. कोळसे पेटवले नव्हते. पंपाच्या खोलीपाशी पत्रा नव्हता, आणि आज तो विषय काढायचा दिवस नव्हता, एवढं तिला समजत होतं. अकराच्या सुमारास गाडी आली. मांजर यावी तशी, आवाजाशिवाय. पुढच्या काचेवर झेंडूचा हार. इमारतीतले सगळे फाटकाशी जमले. आणि गाडी थांबली.

फाटकाशी गटारावरची लादी खचलेली आहे आणि पुढे लगेच चढ आहे. गाडी इतकी बुटकी, की तिचं नाक तिथे घासणार होतं. सहा महिने जागेची मापं घेतली, फाटकाचं माप कुणी घेतलं नव्हतं. मुहूर्त टळत होता. शोरूममधून पुढे आलेल्या मृणालिनीताई ओवाळणीचं ताट धरून आत उभ्या होत्या, निरांजन विझायला आलं होतं. अजितराव म्हणाले, एखादी फळी टाका खाली. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

उन्मेषने काच खाली केली. अंगात तोच कुर्ता होता, एक सुरकुती नव्हती.

"मावशी, पाच मिनिटं. तुला नवीन करून देतो ना."

दीपक जागचा हलला नाही. अजितरावांनी त्याला दुसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा गंगुबाई पुढे झाली.

"थांब. वरची चादर काढते. तुझ्या चाकाला राख लागेल."

तिने चादर काढली, झटकली नाही, तशीच घडी घातली. घोंगडीची घडी घातली. मग दीपकने दगडाने माझे चारही पाय ठोकून काढले. शिवाने ठोकलेले खिळे होते, सहज निघत नव्हते. मला गटारावर आडवं टाकलं आणि गाडी माझ्यावरून गेली. वजन फार होतं, आवाज अजिबात नव्हता. आत टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबेपर्यंत गंगुबाई घोंगडी बगलेत धरून चौकाकडे निघून गेली होती.

ती पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत. मी इथेच असते. गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर पडते, एरवी मऊ कापड पांघरून भिंतीची वीज पीत असते. इमारतीचे कपडे आता मोबाईलवर बोलावलेला कुणी पोऱ्या घेऊन जातो. साडीवाल्याच्या ओट्यावर दुसरी बाई बसते. गंगुबाई वरळीत एका धुलाईच्या दुकानात दिवसभर उभी राहून घड्या घालते, असं दीपक सांगत होता. परवा मृणालिनीताईंनी त्याला विचारलं, "हल्ली गंगुबाई दिसत नाही रे?" तो म्हणाला, "नाही दिसत."

एकदाच आली होती. सलोनीचा एक ब्लाउज गठ्ठ्यात चुकून राहिला होता, तो द्यायला. ब्लाउज इस्त्री केलेला होता. फाटकाशी ती थबकली. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्यावर पाय देऊन जातो, मला त्याची सवय झाली आहे. तिने चपला हातात घेतल्या, साडी वर धरली, आणि बासष्टाव्या वर्षी गटार ओलांडून पलीकडे उडी मारली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुम्हीही हौसेने काहीतरी आणाल. जरूर आणा, हार घाला, पेढे वाटा. माझं मागणं एकच आहे. त्या हौसेपायी कुणाची जागा जाणार असेल, तर त्या माणसाला "बघू" म्हणू नका. सरळ "नाही" म्हणा. "नाही" ऐकलेलं माणूस शनिवारच्या आत दुसरी जागा तरी शोधतं.