कपाटातला आग्वायो

मी आग्वायो बोलतोय. नाव ऐकलं नसेल; ते सांगावं असं कुणाला वाटलंच नाही. बोलिव्हियाच्या डोंगरात विणलेलं मी एक चौकोनी लोकरी कापड, लाल-हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचं. तिथल्या आदिवासी बायका माझ्यात लेकरू घालून पाठीवर घेतात आणि छातीशी गाठ मारतात.

मला एलेनाच्या आईनं विणलं. एलेना मला नेदरलँड्सला घेऊन आली. इथं डीमन गावात धाकट्या लेकीला माझ्यात बांधून ती थोरल्या आंद्रेसला शाळेतून आणायला जायची. आंद्रेस रस्त्याच्या पलीकडून चालायचा. वर्गात त्यानं सांगून ठेवलं होतं, ती आमची कामवाली. एलेनाला ते कळलं. तिनं माझी घडी घातली. ती घडी आंद्रेसच्या लग्नापर्यंत उघडली नाही. माणसं रागावली की आवाज होतो, लाजली की नुसती घडी पडते.

लग्नात तिनं मला सुनेच्या हातात दिलं. सून प्रणिता, नागपूरची.

"आई, आम्ही बाबागाडी घेऊ गं," आंद्रेस म्हणाला. पण प्रणितानं मला उराशी धरलं. मला वाटलं, ही पोरगी वेगळी दिसते.

मग एका रविवारी चित्रा आणि जयेश तान्ह्या अद्वयला घेऊन जेवायला येणार होते. ट्रॅममध्ये मराठी ऐकून झालेली ओळख. सकाळीच प्रणितानं दिवाणखान्यातली बाबासाहेबांची तसबीर उतरवली. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली.

"काढतेस कशाला?" आंद्रेसनं विचारलं.

"मराठी माणसं येतायत."

मराठी माणसं येणार म्हणून मराठी माणसाचीच तसबीर का काढायची, हे त्याला उमगेना. तिला मात्र ते शाळेपासून पाठ होतं: तसबीर दिसते, आवाज गोड होतो, आणि पुन्हा बोलावणं येत नाही. तिनं ती माझ्यात गुंडाळली आणि आम्हाला सोफ्याशेजारच्या कपाटात ठेवलं.

दाराआडून ऐकू येत होतं.

"नागपुरात कुठं?" जयेश.

"स्टेशनजवळ. तुम्ही?"

"अकोल्याकडचे."

"अकोल्यात कुठं?"

"तसे आता पुण्याचेच म्हणा."

आडनाव कुणीच कुणाला विचारलं नाही.

तेवढ्यात अद्वय रडू लागला. चित्रानं फिरवलं, जयेशनं फिरवलं, थांबेना. जेवायला आलेली एलेना उठली. तिनं कपाट उघडून मला ओढलं. तसबीर घसरली आणि सोफ्यावर पडली, सगळ्यांसमोर, उताणी.

प्रणिताची मान खाली. एलेनानं तसबीर उचलून बाहीनं पुसली. "तुझे आजोबा?" तिनं डचमध्ये विचारलं.



"आमच्याकडे बेडरूममध्ये आहेत," चित्रा मराठीत म्हणाली, तिच्याकडे न बघता. "कुणी येणार असलं की दार लावतो."

"दार लाव, असं मीच सांगतो," जयेश ताटाकडे बघत म्हणाला.

अद्वय अजून रडतच होता. चित्रानं त्याला एलेनाकडे दिलं. एलेनानं मला पसरलं, त्याला पाठीवर घेतलं, गाठ मारली.

"हे माझ्या आजीनं विणलंय," आंद्रेस पाहुण्यांना सांगू लागला. "लहानपणी मी…" एलेना खिडकीकडे वळली आणि हळूहळू डुलत राहिली.

प्रणितानं सासूचा दंड धरला. "आजोबा नाहीत," ती म्हणाली. "पण माझे आजोबा त्यांना बाप म्हणायचे."

तसबीर आता भिंतीवर आहे, मी सोफ्यावर. तरी बेल वाजली की प्रणिताची नजर आधी भिंतीकडे जाते, मग दाराकडे. मी तिला दोष देत नाही. मलाही कुणी निरखून बघितलं की पट्टे लपवावेसे वाटतात. मागणं एवढंच: पाहुणे येणार असतील, तर माझ्यात काही गुंडाळू नका.