गाण्यासाठी वेगळी लाइन

"फ्रिज बंद केला, तरी घरघर आहेच मेली," स्पीकरला गाल लावून हे पुटपुटले. फ्रिजमधलं दूध नासलं होतं, घरघर मात्र ताजीच होती.

ती घरघर मला ऐकू येत नव्हती, लेकीलाही नाही. उलट दाराची बेल आम्हा दोघींना ऐकू यायची आणि ह्यांना नाही. वर्षभर आम्ही त्याबद्दल मूग गिळून बसलो होतो. ज्या माणसाने नोकरीभर एकेक भाग जमवून हे गाण्याचं यंत्र उभं केलं आणि निवृत्त झाल्यावर "आता फक्त ऐकायचं" असं जाहीर केलं, त्याला सांगायचं तरी कुणी?

त्यापेक्षा भिंत फोडणं सोपं वाटलं. "घरघर घरातल्या जुन्या तारांतूनच येत असणार. मीटरपासून थेट वेगळी लाइन घेऊ," हे म्हणाले आणि मी एका पायावर तयार झाले.

वायरमन साठीचे होते. आल्या आल्या त्यांनी खडूच्या दोरीने भिंतीवर रेघ मारली, घरातल्या जुन्या तारांपासून हातभर लांब. एका जागी जुनी तार ओलांडावीच लागली, तिथे बरोबर काटकोनात.

"शेजारी शेजारी पळाल्या की एकमेकींचं उचलतात," ते म्हणाले.

"जावा-जावांसारखं."

"मी नाही बोललो हां, ताई!"

करंगळीएवढी जाड तांब्याची केबल, आणि मीटरपासून खोलीपर्यंत तिला एकही जोड नाही. मध्ये जोड दिला असता तर काम निम्म्या वेळात झालं असतं, आणि कळलं असतं कुणाला? मी तसं विचारलंही.

"मला कळलं असतं," एवढंच ते म्हणाले.

प्रत्येक स्क्रू आवळला की तार स्वतः ओढून बघायचे आणि मग ह्यांना ओढायला लावायचे. "ओढा साहेब, जोर लावून. माझ्या शब्दावर जाऊ नका." भिंतीतली झिरी बुजवून गिलावा असा केला की हात फिरवला तरी सांधा लागेना. आयुष्यात मी इतक्या पोळ्या लाटल्या, पण असा हात मला नाही बसला.

चौथ्या दिवशी यंत्र सुरू केलं. गाणं न लावता वायरमननी स्पीकरच्या पडद्यावर अलगद बोट टेकवलं. घरघर असेल तर बोटाला कळतेच, ही त्यांची रीत. "निवांत झोपलाय," ते हसून म्हणाले.

हे डोळे मिटून बसले होते.

"आहे," हे म्हणाले. "आहेच."

वायरमनचा चेहरा उतरला. ते बोर्डापाशी गेले, खटका खाली पाडून नवी लाइन बंद केली आणि पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली.

"बघा, आत्तासुद्धा येतेय!" हे म्हणाले. डोळे मिटलेलेच.

यंत्राचा लाल दिवा विझला होता. लेकीने माझ्याकडे पाहिलं. वायरमननी खाली पडलेल्या खटक्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. त्यांना सगळं उमगलं, मला दिसलं ते. आता हा माणूस बोलणार, आणि बोलला तर त्याचं काय चुकलं?

पण त्यांनी छिन्नी आपल्याच गुळगुळीत गिलाव्यावर टेकवली. "माझंच काहीतरी चुकलं असेल, साहेब," ते हळूच म्हणाले. "उघडून बघतो."

हातोडी वर गेली.

"थांबा!" मी ओरडलेच. आमच्या भित्रेपणापायी या माणसाने आपलं सोन्यासारखं काम फोडायचं? मी ह्यांचा हात धरला आणि गार पडलेल्या यंत्रावर ठेवला.

"अहो, डोळे उघडा. लाइन केव्हाची बंद आहे. यांच्या कामात काही खोट नाही. घरघर तुमच्या कानात आहे."