बटणांच्या कपाटातली गोळी

मास्तरीणबाईंना लेबलांचा भारी तिटकारा. ज्याला बटण नुसतं बघून ओळखता येत नाही त्याने सुई हातात धरू नये, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या कपडे शिवण्याच्या दुकानात त्या मतापुढे कुणाचं काही चालत नसे. मागच्या भिंतीला बटणांचं कपाट होतं, साठ कप्प्यांचं. प्रत्येक कप्प्यावर आतल्या मालातलं एक बटण नमुना म्हणून लावलेलं. नाव नाही, आकडा नाही. डोळे मिटूनही बाईंचा हात बरोबर कप्प्यावर जाई, आणि त्यांना याचा गर्व होता. गर्वाचं घर खाली, हे त्या इतरांना नेहमी सांगत. स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं.

घरातली औषधंही याच कपाटात, खालच्या ओळीत. औषध आणलं की खोकं फेकायचं, पट्टीतल्या गोळ्या कात्रीने एकेक सुट्या कापायच्या, छापील कडा कात्रणाच्या पोत्यात टाकायच्या आणि एक गोळी चिकटपट्टीने कप्प्यावर लावायची. पिवळी म्हणजे पित्ताची. पांढरी लांबट म्हणजे भाऊजींच्या रक्तदाबाची. आणि गुलाबी, कॉलरच्या बटणाएवढी, ती बाईंची स्वतःची, अर्धशिशीची.

ती लिहून देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "दुखायला लागल्याबरोबर एक. उतरून पुन्हा चढलं तर दोन तासांनी आणखी एक. दिवसाला दोनच्या वर नाही. महिन्यात आठ-नऊ दिवसांपेक्षा जास्त घेतलीत तर गोळीनेच डोकं दुखायला लागेल. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, हृदयाचा त्रास असलेल्याला तर चुकूनसुद्धा नाही. आणि खोकं जपून ठेवा, त्यावर नाव आहे."

घेण्याचे नियम बाईंनी अगदी काटेकोर पाळले. खोक्याची गोष्ट त्यांना पोरकट वाटली. आणि देण्याचं म्हणाल, तर गेल्या आठवड्यात काजं करणारी बाई डोकं धरून बसली तेव्हा त्यांनीच कप्पा उघडला होता. "घे गं, बिनधास्त घे. रामबाण आहे." अर्ध्या तासात ती उठून कामाला लागली आणि दिवसभर बाईंचं गुणगान करत राहिली. इस्त्रीच्या टेबलावरून भाऊजी हसले होते, "वहिनींचा दवाखाना चांगला चालायला लागला!" बाईंनाही हसू आलं होतं.

भाऊजी म्हणजे त्यांचा धाकटा दीर. बाईंचा नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, दुकान विका. हा एकटा म्हणाला, "वहिनी, कात्री तुमची, इस्त्री माझी. बघू कोण बंद पाडतंय." त्या शब्दावर बारा वर्षं दुकान उभं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका आला, रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. तेव्हापासून त्याने जरा खोकलं तरी बाई कात्री थांबवून त्याच्याकडे बघत.

आज सकाळी साडेअकराला कोट बेतताना बाईंच्या डाव्या डोळ्याच्या कडेला उजेडाची वाकडीतिकडी रेघ नाचू लागली. त्यांनी मुकाट्याने कात्री ठेवली, एक गुलाबी गोळी घेतली आणि मागच्या खोलीत कापडाच्या ताग्यांमध्ये अंधारात पडून राहिल्या. गोळीने दुखणं उतरलं. दोनच्या सुमाराला ते पुन्हा चढलं. दोन तास उलटून गेले होते, म्हणजे दुसरी घ्यायला हरकत नव्हती. त्या भिंत धरत कपाटाशी गेल्या, कप्पा ओढला आणि बोटं आत घातली.

चार. सकाळी त्यांनी आपली घेतल्यावर सहा उरल्या होत्या.

बाईंनी पुन्हा चाचपून बघितलं. चारच. डोक्यातला ठणका एकदम लांब गेल्यासारखा झाला आणि त्याच्या जागी काहीतरी गार येऊन बसलं.

"गुलाबी गोळ्या कुणी घेतल्या?"

धाकटी जाऊ मशीनवरून म्हणाली, "ह्यांनी घेतल्या, ताई. वाफेने डोकं चढलं होतं त्यांचं. तुम्हाला कशाला उठवायचं म्हणून मीच कप्पा दाखवला."

"दोन?"

"म्हणाले, वहिनींना एक लागते तर माझ्यासारख्या रेड्याला दोन लागतील." ती हसत होती. बाईंचा चेहरा बघून ती हसायची थांबली. "का हो? डोकेदुखीचीच आहे ना?"

"कुठे आहेत?"

"सूट पोचवायला गेलेत. समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. अर्धा तास झाला की."

बाईंनी फोन लावला. तो इस्त्रीच्या टेबलावरच वाजला.

"अँब्युलन्स बोलाव," त्या म्हणाल्या. "समोरच्या इमारतीचा पत्ता दे. हृदयाचा रुग्ण आहे म्हणून सांग." एक गोळी मुठीत घट्ट धरून त्या तशाच बाहेर पडल्या.

ऊन डोळ्यांत घुसलं. अर्धा रस्ता दिसत होता, अर्ध्या रस्त्यावर ती रेघ नाचत होती. एक गाडी कचकन ब्रेक मारून थांबली, कुणीतरी शिवी हासडली. इमारतीची लिफ्ट बंद होती. पहिला मजला. दुसरा. जिना शांत होता, आणि ती शांतता बाईंना मुळीच आवडली नाही.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भाऊजी पायरीवर बसले होते. दोन्ही सूट कठड्याला नीट टांगलेले, एक सुरकुती नाही. तेवढं करून मग बसला होता माणूस. कपाळावर घाम, रंग पिठासारखा.

"काही नाही, वहिनी. कॉलर जरा घट्ट झालीय. गळा आवळतोय, इथपर्यंत." त्यांनी छातीवरून जबड्यापर्यंत बोट फिरवलं.

कॉलरचं बटण उघडं होतं. वरची तिन्ही उघडी होती.

"बोलू नका. हलू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून तिथेच बसल्या. हात गार होता. खाली अँब्युलन्सचा आवाज येईपर्यंत त्या एकच गोष्ट घोकत होत्या: देवा, याला नको नेऊस, हवं तर दुकान ने.

दवाखान्यात डॉक्टर भराभर विचारत होते. कधी घेतली? किती? बाईंनी सगळं चोख सांगितलं.

"गोळीचं नाव?"

बाईंनी मूठ उघडली. डॉक्टरांनी गोळी उलटीपालटी करून बघितली. चंदेरी कागदावर कापल्या गेलेल्या अक्षरांचे दोन शेपटे उरले होते.

"अर्धशिशीच्या काही गोळ्या रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाच्या रुग्णाला ते महागात पडतं. पण ही नेमकी कुठली, किती ताकदीची, हे कळायला हवं. पुढचं औषध देताना आमचे हात बांधले जातात हो. पट्टीचा बाकी तुकडा? खोकं? काहीतरी असेल ना?"

बाईंनी जावेला फोन केला. कात्रणाचं पोतं सकाळीच भंगारवाला घेऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी खोक्याबरोबर कधीच गेली होती, आणि औषधाचं दुकान दुपारचं बंद होतं. डॉक्टरीणबाईंचा फोन उचलत नव्हतं कुणी, त्यांचा दवाखाना पाचला उघडतो. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. डोकं आता घणाचे घाव पडावेत तसं ठणकत होतं. शेजारच्या अनोळखी बाईने त्यांच्याकडे बघितलं.

"डोकं दुखतंय ना? चेहऱ्यावरूनच कळतंय." तिने पर्समधून एक सुटी गोळी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. "घ्या. बिनधास्त घ्या. रामबाण आहे."

"नाव काय हिचं?"

"नाव कोण बघतंय हो? गुण आला की झालं!"

बाईंनी गोळी तिच्या हातात परत ठेवली आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. तिने गोळी पर्समध्ये परत टाकली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. डॉक्टर उंबऱ्यातच थांबले. त्यांच्या मागे कुणीतरी धावत गेलं.

"मिळालं नाव?"

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मीच कापून टाकलं ते."