रामलिंगअप्पाची मांडी

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि बसलेल्यालाच माती देतात. जिवंतपणी ज्याला कुणी सतरंजीवर बसा म्हटलं नाही, तोही शेवटी असा ऐटीत बसून जातो. पण रामलिंगचा थोरला भाऊ काही बसेना. आयुष्यभर गुडघे आखडलेले, त्यात पोरगा सोलापूरहून येईपर्यंत उशीर झालेला. पाय लाकडासारखे ताठ. शेवटी दालमिलमधला हमाल नरसिंग पुढं झाला, त्यानं मयताच्या मांडीवर आपला गुडघा रोवला आणि दाबला. आवाज असा निघाला की रेणापूरच्या स्टँडवर एका ड्रायव्हरनं खाली उतरून एसटीचे टायर तपासले.

रामलिंग घरी आला तो जेवलाच नाही. स्वतःचे गुडघे चाचपत बसला. तेही वाकत नव्हते.

"माझं बी असंच करतेल," तो बायकोला म्हणाला.

"मेल्यावर काय दुखतंय?" केवळाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

तिला लाथ बसली.

ह्या लाथेबद्दल आधी सांगायला पाहिजे. रामलिंगची लाथ आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीची होती. एकदा त्यानं कुत्र्याला मारली, तर ते कुत्रं उदगीरच्या पलीकडं जाऊन पडलं आणि परत आलं तेव्हा कानडीत भुंकत होतं. पण कुत्रं, बैल ही वरचेवरची गिऱ्हाइकं. रोजचा रतीब केवळाबाईचा. मीठ कमी, लाथ. मीठ जास्त, लाथ. मीठ बरोबर पडलं तर, आज बरं बरोबर पडलं, म्हणून लाथ. खाऊन खाऊन तिच्या कमरेच्या वर टाचेच्या मापाचा खळगा पडला होता. त्यात तांब्या ठेवला तर हलायचा नाही. नवऱ्याचे गुडघे आखडले तेव्हा तिला वाटलं, चला, सुटले. पण न वाकणारा पाय मुसळासारखा सरळ येतो, हे तिला तेव्हा कळलं.

तर रामलिंगच्या डोक्यात आता एकच गोष्ट बसली. मेल्यावर नरसिंगच्या हातात सापडायचं नसेल तर जिवंतपणीच मांडी घालायला शिकायचं.

त्यात जूनमध्ये शाळेच्या मैदानावर योग दिन झाला. लातूरहून हरिओम सर आले. पांढरा झब्बा, कानाला चिकटवलेला माईक. आधी ते एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. पोरं कमी झाली तसे योगाकडे वळले.

"योगाच्या पायऱ्या आठ," सर म्हणाले. "पहिल्या दोन यम आणि नियम. कुणाला दुखवू नये, खोटं बोलू नये, लोभ धरू नये, समाधानी राहावं, असलं सगळं त्यात येतं. चॅप्टर वेळखाऊ आहेत आणि त्यांवर कुणी काही विचारत नाही. ते ऑप्शनला टाका. थेट तिसरी पायरी धरा, आसन! ह्याला म्हणतात योगाचा लातूर पॅटर्न."

लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. आमच्याकडं घरटी एक पोरगं असं धडे ऑप्शनला टाकून पास झालेलं आहे. पद्धत सगळ्यांना पटली.

रामलिंग उठला. "सर, माझी मांडी बसंल का?"

"मांडी काय घेऊन बसलात? पद्मासन बसवतो. या पुढं."

सरांनी एक पाय धरला, दुसऱ्यासाठी दणकट माणूस मागितला. नरसिंगच पुढं आला. रामलिंग म्हणाला, "ह्यो नको," पण तोवर त्याचा डावा पाय उजव्या मांडीवर चढला होता. मग उजवा. पुन्हा तोच आवाज, फरक इतकाच की ह्या खेपेला माणूस जिवंत होता. रामलिंग असा ओरडला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती अजून एकटी-दुकटीच परत येताहेत.

"ओरडू द्या," सर माईकवर म्हणाले. "देहाचा अहंकार बाहेर पडायलाय."

अहंकार बाहेर पडला असेल, पाय काही बाहेर पडेनात. सरांनी ओढून पाहिलं, नरसिंगनं ओढून पाहिलं. दोन्ही पाय गंजलेल्या नट-बोल्टासारखे एकमेकांत बसले होते. सरांच्या कपाळावर घाम आला. "लातूरला बॅच आहे," म्हणून ते मोटारसायकलवर बसले, आणि तेव्हापासून त्यांचा फोन बंद लागतो.

लोकांनी रामलिंगला तसाच उचलून मठासमोरच्या ओट्यावर ठेवला. कळांनी डोळे मिटलेले, दातखीळ बसलेली, चेहरा ओढलेला. कुणीतरी भुकेला असेल म्हणून केळं ठेवलं. दुसऱ्यानं ते पाहून नारळ ठेवला. सिंधू म्हणून गावची एक लेक बिलोलीहून माहेराला आली होती. तिचं पोरगं हट्टाला पेटून रडत होतं, ते रामलिंगचा चेहरा बघून भीतीनं गप्प झालं. झालं! बिलोलीकडून जीपा भरभरून माणसं यायला लागली.

ज्याला आयुष्यभर 'ए रामल्या' म्हटलं, त्याला लोक 'अप्पा' म्हणू लागले. पाय तर खाली नव्हतेच, म्हणून लोक गुडघ्यांवर डोकं टेकायचे. डोकं टेकलं की अप्पाला ब्रह्मांड दिसायचं. तोंडातून "हूंऽऽ" निघायचं. लोक म्हणायचे, आशीर्वाद मिळाला. कळ तर कळ, पण समोर वाकलेली पाठ दिसली की अप्पा कळ गिळायचे. लाईन तुटली की मात्र कण्हायला लागायचे.

आणि केवळाबाई? नरसिंगच्या मदतीनं ती अप्पाला सकाळी ओट्यावर मांडायची, सांजच्याला घरात आणायची. हातानं घास भरवायची. सगळं आळणी.

"मीठ कुठाय?" अप्पा दातावर दात घासून विचारायचे.

"आता तुम्ही साधू झालाव. साधूला मीठ चालत न्हाई," ती म्हणायची आणि मुद्दाम त्यांच्या पायांसमोर, पाठ करून भांडी घासायला बसायची. अप्पाची मांडी जागच्या जागी थरथरायची. ती मागं वळूनसुद्धा बघायची नाही.

मी शेजारी. एकदा म्हटलं, "वैनी, पाय निळे पडायलेत. लातूरला हाडाच्या डॉक्टरकडं न्या."

"भावजी, माझ्या हातानं त्यांची तपश्चर्या मोडू?" तिनं असं विचारलं की मला पाप लागल्यासारखं झालं.

पण अप्पा माझ्या कानाशी लागले. "काय बी कर, पण हे सोडव. मुंग्या मेंदूत चढायल्यात." मग मी नांदेडच्या दामिनीला फोन लावला. माझ्या साडूची पोरगी. लकवा मारलेल्या, हाडं मोडलेल्या माणसांना ती योगानं चालतं करते. डॉक्टर स्वतः तिच्याकडं माणसं पाठवतात.

दामिनी आली. तिनं आधी हातच लावला नाही. नुसता श्वास घ्यायला लावला. मग शेकलं, तेल लावलं, गुडघ्यांखाली उशा सारल्या. रोज थोडं. अप्पा घाई करायचे, ती थांबवायची.

"आसन म्हणजे ज्यात माणूस स्थिर आणि सुखात बसतो ते," ती सांगायची. "श्वास अडकला की थांबायचं. तो अडकला म्हणजे आपण शरीराशी मारामारी करतोय. आणि अप्पा, तुमच्या सरांनी जी पहिली पायरी सोडली, तिच्यातच सगळं औषध आहे. कुणाला दुखवायचं नाही."

"कुणाला?"

"कुणालाच. स्वतःच्या गुडघ्याला नाही, घरच्या माणसाला नाही. आत राग धुमसत असला की अंग सैल पडत नाही. तुमचे गुडघे काही एका दिवसात आखडलेले नाहीत."

अप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरं हाय, बाई. लई पाप झालं माझ्या हातून." माझ्याही डोळ्यांत आलं. केवळाबाई तेवढी कोरडी होती.

एका दुपारी पाय सुटले. दामिनीनं दोन्ही अलगद सरळ केले. अप्पानं मोठा सुस्कारा टाकला, डोळे उघडले. केवळाबाई चहा घेऊन समोर आली. अप्पानं घोट घेतला.

"साखर कमी हाय," अप्पा म्हणाले, आणि मोकळा झालेला उजवा पाय उचलून तिच्या पोटात घातला.

कप फुटला. केवळाबाई भिंतीशी जाऊन बसली. दामिनी तिला उठवायला खाली वाकली. अप्पा मात्र पायाकडं कौतुकानं बघत होते. "बरा झालाय की!"

दुसऱ्या दिवशी बिलोलीची जीप आली. अप्पा बाजेवर पाय सोडून बसलेले.

"अप्पा कुठं हायत?" लोकांनी विचारलं.

"मीच की!"

"तुम्ही न्हाई हो. बसलेले अप्पा."

"आरं, मीच बसलेला!"

लोकांनी लोंबत्या पायांकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं, आणि मठासमोरच्या रिकाम्या ओट्यावर हार घालून, नारळ फोडून निघून गेले. एकानं जाता जाता अप्पालाच विचारलं, "ए बाबा, प्यायला पाणी कुठं मिळंल?"

हे काही अप्पाला सोसलं नाही. दिवसभर ते ओट्यावरचे हार मोजल्यासारखे बघत राहिले. मग दामिनीला म्हणाले, "परत घाल."

"काय?"

"मांडी. ते पद्मासन."

"अप्पा, गुडघ्यातले दोर आधीच फाटलेत. परत घातली तर तुटतील. मग उघडणार नाही. मी हात लावणार नाही आणि कुणाला लावू देणार नाही."

"तू पगारी बाई, तुला काय कळतंय योगातलं?" अप्पा म्हणाले. तिनं आमच्याकडून बसच्या तिकिटाचे पैसेसुद्धा घेतले नव्हते.

अप्पानं सगळं गाव ओट्यापुढं गोळा केलं. काठीला धरून उभे राहिले. मला अजून त्यांचा शब्द न् शब्द आठवतो.

"ऐका! मी आता कायमचा बसणार हाय. मी वरडलो तर सोडवायचं न्हाई. शिव्या दिल्या तर सोडवायचं न्हाई. मला सोडवा म्हणलो, तर अजिबात सोडवायचं न्हाई. ते मी न्हाई बोलत, माझं शरीर बोलतंय. जो कुणी हात लावंल त्याचा वंश बुडंल. कळलं का?"

"हाव, अप्पा!" गाव म्हणालं.

"नरसिंग, ये. दुसऱ्या पायाला कोण हाय?"

कुणी पुढं होईना. तेवढ्यात केवळाबाई पदर खोचून उठली. "मी हाय की."

नरसिंगनं डावा पाय चढवला. उजवा केवळाबाईनं धरला. तो तिच्या चांगल्या ओळखीचा पाय होता. तिनं घाई केली नाही. आधी टाच तळहातावर घेऊन पाहिली, मग पाऊल वळवलं, आणि मग सगळं अंग घालून दाबलं. ह्यावेळी आवाज मोठा नव्हता. ओलं फडकं फाटावं तसा.

"सोडऽऽव! केवळे, सोडव गं!"

"शरीर बोलायलंय," गर्दीतून कुणीतरी हात जोडून म्हणालं.

"मरतो रे! मी बोलायलोय! मी, मी!"

"शरीरच हाय," दुसरा म्हणाला. "अप्पानं सांगितलंच होतं असं म्हणतेल म्हणून."

दामिनी ओट्याकडं धावली, लोकांनी तिला अडवलं. तिनं ॲम्बुलन्सला फोन केला. गाडी फाट्यापर्यंत आली, तर माणसं रस्त्यात आडवी झोपली. ड्रायव्हरही गाडीतून उतरला, लांबूनच नमस्कार करून परत गेला. शेवटी दामिनी केवळाबाईपाशी गेली. हात धरला.

"मावशी, तुम्ही घरच्या आहात. तुमचं ऐकतील. तुम्ही एक शब्द म्हणा, मी गाडी परत बोलावते. असं राहिलं तर रक्त थांबेल. पाय जातील त्यांचे."

केवळाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"जातील म्हंजी? परत तर येणार न्हाईत ना?"

"नाही, मावशी. कायमचे जातील."

"बरं. तू दमलीस लेकी. खाऊन जा काहीतरी."

दामिनी न खाता गेली. केवळाबाई ओट्यासमोर आली. नवऱ्याच्या अगदी पुढ्यात, जमिनीवर बसली, पाठ खांबाला टेकवली आणि दोन्ही पाय त्याच्याकडं करून लांब पसरले. आमच्याकडं कुठली बाई नवऱ्यापुढं असे पाय पसरत नाही. अप्पा तिच्या नावानं हाका मारत होते, आवाज बसत चालला होता.

नवी जीप आली. उतरलेल्या एका बाईनं नारळ ठेवून विचारलं, "मावशी, अप्पा काय म्हणायलेत?"

"काय की, बाई," केवळाबाई म्हणाली. "मला त्यातलं काही कळत न्हाई."