हाकेचा अध्याय

श्रावण संपत आला तरी रेणापूरच्या आभाळात ढगाचं नाव नव्हतं. तरी लोक खुशीत होते, कारण लातूर जिल्हा झाला होता. आता नळाला पाणी येणार, कारखाने येणार, मोठे डॉक्टर येणार. कलेक्टर आला की पाऊसही येईल, एवढंच म्हणायचं बाकी राहिलं होतं. असल्या लोकांना पोथीतले चमत्कार पचवणं काही जड नव्हतं. जड झालं होतं ते एकट्या पोथी वाचणाऱ्याला.

पंचाक्षरी स्वामी दर श्रावणात मठात पुराण सांगत. त्यांच्या आधी बाप सांगायचा, त्याच्या आधी आजा. वाळल्या खोडाला पालवी फुटली, ओंजळभर पाण्यानं तळं भरलं, असं काही आलं की स्वामी थांबून म्हणत, "त्याला काय अशक्य हाय?" ऐकणारे माना डोलावत. हा प्रश्न स्वामींनी स्वतःला मात्र कधी विचारलाच नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती.

ती यंदा आली. जिल्हा झाला त्याच दिवशी त्यांची एकुलती एक लेक शिवगंगा गेली. विहीर आटली म्हणून पोरी ओढ्यातल्या डबक्याचं पाणी प्याल्या होत्या. बाकीच्या निभावल्या, हिला उलट्या-जुलाब लागले. एसटीनं लातूरला नेलं, डॉक्टरांनी सलाईन लावलं, जिवाचं रान केलं, पण उशीर झाला होता. परतताना जीप नव्या जिल्ह्याच्या स्वागतकमानीखालून आली. बाहेर लोक पेढे वाटत होते आणि स्वामींच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली पोर होती.

लिंगायतांत सूतक पाळत नाहीत. दुसऱ्या जातीत कुणाच्या घरी असं झालं असतं तर तेरा दिवस तोंड लपवून बसता आलं असतं. स्वामींना तीही सवलत नव्हती. त्यांनीच लेकीला समाधीत बसवलं, तिच्या तळहातावर तिचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, विभूती आणि बेल वाहिला, माती लोटली. संध्याकाळी ते पोथीपुढं बसले. वाचलं काय, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी हाकेचा अध्याय होता.

त्यात एका गरीब शरणाचं, म्हणजे शिवभक्ताचं, लेकरू मरतं. त्याची आई, शिवावर भरवसा ठेवून, दारात उभी राहते आणि मेलेल्या लेकराला जेवायला हाक मारते, आणि ते खेळून यावं तसं धावत येतं. रेणापूरची रीत अशी की त्या ओवीला वाचणाऱ्यानं थांबायचं. मठातल्या बायकांनी दारात जाऊन आपापल्या पोरांना नावानं हाका मारायच्या. पटांगणातली पोरं धावत आत यायची, आणि त्यांना हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, वाढली जायची. मगच पुढची ओवी.

हुग्गीचा खर्च आडतदार धोंडप्पा करायचे. ते सकाळीच स्वामींच्या घरी आले.

"शरणार्थ, स्वामी. यंदा तेवढा अध्याय राहू द्या. कुणी काय म्हणणार न्हाई."

"मी बी तेच ठरवलोय," स्वामी म्हणाले.

धोंडप्पा गेले. स्वामींची बायको कमलम्मा चुलीपासून उठून बाहेर आली. लेक गेल्यापासून ती धड बोललीही नव्हती आणि रडलीही नव्हती.

"का सोडताव?"

"तुझ्यासाठीच सोडलोय," स्वामी म्हणाले. मग त्यांचा बांध फुटला. "आन् खरं सांगू का कमला, असलं काय होत नसतंय. मेलेलं माणूस हाकेला येत न्हाई. कुणीतरी लिवलं, आमी पिढ्यान् पिढ्या वाचून राहिलो."

"मग काल माती लोटताना तुमी काय म्हणलाव?"

"देवाच्या पदरात घातलो म्हणलो."

"ज्याला एक लेकरू उठवायला येत न्हाई, त्याच्या पदरात माझी पोर कशाला घातलाव?"

स्वामी उंबऱ्यावरच बसले.

"त्याला येतंय," कमलम्मा म्हणाली. "येऊन बी त्यानं केलं न्हाई. का केलं न्हाई, ते भांडण माझं आन् त्याचं. पण त्याला येतच न्हाई असं म्हणू नका, अवो. मग माझी पोर नुसती मातीत हाय."

स्वामींनी धोंडप्पांना हुग्गी शिजवायचा निरोप धाडला. संध्याकाळी मठ भरला. स्वामींनी हाकेचा अध्याय उघडला. ती ओवी आली आणि ते थांबले. एकही बाई उठेना. कमलम्मासमोर आपल्या पोराला हाक मारायची, हे सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. शेवटी कमलम्माच उठली. दारात उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "गंगे, ये गं जेवायला."

पटांगणातली पोरं खेळायची थांबली. मग बाकीच्या बायका तिच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या आणि डोळे पुसत हाका मारू लागल्या. पोरं यायला लागली. स्वामी मान उंच करून दाराकडे बघत होते. असलं काही होत नसतं, हे सकाळी त्यांनीच सांगितलं होतं. तरी आत येणारं एकेक तोंड ते निरखत होते. सगळी पोरं आली, पंगतीत बसली, त्यांच्या पुढ्यात हुग्गी पडली. तरी स्वामींचे डोळे दारावरून हलेनात.

कमलम्मा आपल्या जागेवर येऊन बसली.

"न्हाई आली," ती म्हणाली. "तुमी वाचा पुढं."

पुढची ओवी लेकरू धावत येण्याची होती. स्वामींना ती लहानपणापासून पाठ होती, तरी त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचली. लेकरू आलं, आईच्या कमरेला बिलगलं, भूक लागली म्हणालं. तेव्हा कुठं कमलम्मा रडली, आणि स्वामी एकही शब्द न गाळता वाचत राहिले.