दहा बावन्नला काढलेली पिन

मंगळवारी सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष सावळेरामदादांनी लॅपटॉपची पिन काढली. साल २००८, महिना जानेवारी. कळंबजवळच्या त्या वाडीत अकराला भारनियमन सुरू व्हायचं, आणि वीज परत येताना असा झटका द्यायची की दादांच्या दोन मोटारी त्यात जळाल्या होत्या. तेव्हापासून अकराच्या आत घरातली, गोठ्यातली आणि संस्थेतली प्रत्येक पिन ते स्वतः काढत. लॅपटॉपची तर बॅटरीही काढून कपाटात ठेवत. जपून वापरलेली वस्तू टिकते, असं त्यांचं मत.

नेमकं त्याच वेळी लॅपटॉपमध्ये नवं बायोस भरलं जात होतं. यंत्रानं जागं कसं व्हायचं, हे ठरवणारी ही आतली आज्ञावली. लॅपटॉपचा आतला पंखा फार घोंघावतो म्हणून पुण्याच्या दुकानदारानं ती बदलायला सांगितली होती. संस्थेची कारकून हर्षाली ते काम लावून कालव्याच्या नकाशाची झेरॉक्स आणायला गेली होती. जाताना तिनं पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती: वीज बंद करू नये.

"वाचली की मी," दादा नंतर शांतपणे म्हणाले. "वीज बंद करणारा मी कोण? ती बोर्ड बंद करतं. मी नुसती पिन काढली."

चारला वीज आली. बटण दाबलं की नारिंगी दिवा तीनदा मिचकायचा आणि विझायचा. आत रब्बीच्या पाणीपाळीची नवी यादी अडकली होती. डिंभे धरणाचं पाणी यंदा पहिल्यांदाच कालव्याच्या शेपटाकडच्या शेतांना आधी मिळणार होतं. यादी शुक्रवारी पाचच्या आत पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात पोचली नाही, तर जुनीच चालणार होती. जुन्या यादीत पहिलं नाव दादांचं होतं. हर्षालीला मार्चात कायम करायचं ते ही यादी वेळेत गेली तर, असं सभेत ठरलं होतं. तिनं रात्र जागून हातानं यादी लिहायची तयारी दाखवली. पण लॅपटॉप आला त्या दिवशी नारळ फोडून हस्तलिखित यादी बंद करण्याचा ठराव झालेला होता, आणि दादा ठरावाबाहेर जात नसत.

बुधवारी जळक्या मोटारींचं वायंडिंग भरणारे चांगदेवभाऊ आले. त्यांनी टेस्टर लावला, लॅपटॉप उलटा करून हुंगला, जळका वास नाही म्हणाले.

"कंडेन्सर कुठाय याचा?"

हर्षालीनं माहीत नाही म्हणून सांगितलं.

"मग वापरता कशाला राव, माहीत न्हाई तर?"

त्यांनी पिन दुसऱ्या फेजवर लावून पाहिली, मग तिसऱ्या. दिवा तिन्ही फेजवर सारखाच मिचकला. नमुना लई चिवट हाय, एवढं निदान करून ते चहा पिऊन गेले.

दुपारी संचालकांनी पंचनामा केला. त्यात "कारकून जागेवर नव्हती" हे वाक्य होतं. पिनेचा उल्लेख नव्हता. लॅपटॉप कापडात बांधून, गाठीवर लाख लावून कपाटात ठेवला. चौकशीला तिघांची समिती नेमली. त्यातले ज्ञानेश्वर पावण्यांकडच्या लग्नाला नाशिकला गेलेले.

गुरुवारी हर्षालीनं दुकानदाराला फोन लावला. उपाय अर्ध्या मिनिटाचा निघाला: बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून बटण तीस सेकंद दाबून धरायचं, मग नुसता चार्जर लावून चालू करायचं. तिनं तो दादांना सांगितला. वीज न लावता बटण दाबायचं म्हणजे बैल न जुंपता औत हाकायचं, असं त्यांना वाटलं. शिवाय लाख समितीशिवाय फुटत नव्हती.

ज्ञानेश्वर शुक्रवारी सव्वाचारला पोचले. लाख फोडायचा ठराव, सूचक, अनुमोदक, सह्या, यात साडेचार वाजले. हर्षालीनं बटण दाबून धरलं. समितीनं मोठ्यानं तीसपर्यंत मोजलं. चार्जर लावताच पडदा उजळला आणि अर्धवट राहिलेलं काम आपलं आपण पुढे सुरू झालं. खाली इंग्रजीत ओळ होती, पुरं होईपर्यंत वीज तोडू नका अशी. या वेळी तिनं ती वाचून दाखवली आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली.

शुक्रवारी भारनियमनाची दुसरी पाळी पाचला असायची.

चार वाजून बावन्न मिनिटांनी पडद्यावर एकसष्ट टक्के होते. सावळेरामदादा खुर्चीवरून उठले होते. हर्षाली पिन लावलेल्या स्विचबोर्डाला पाठ लावून उभी होती.