कोपऱ्यातलं नाव

राजनंदिनीनं नखानं कडेचा पापुद्रा उचलून ओढला, तशी लाल रंगाची अख्खी साल तिच्या हातात आली. खाली पारदर्शक प्लास्टिक, कोरंच्या कोरं.

"चाचा, हे काय? मी सांगितलं होतं, आतून रंगवा. वरची झिल्ली रंग वाळल्यावर काढायची असती."

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या मोटारीची ती बॉडी. शर्यतीसाठी पुसेगावहून ही पोरगी ती औंढ्याला घेऊन आली, कारण पाटी असो की ट्रॉली, रंगवावी तर मकबूल पेंटरनंच, असं तिचे आजोबा व्यंकटराव सांगायचे. आणि मकबूल? चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला कोण शिकवणार! सून उझ्मानंही दाराआडून सांगून पाहिलं होतं, "अब्बा, रंग आतून द्या ना." तिलाही त्यानं उडवून लावलं होतं.

"सुनेनं रंगवली ती," तो बोलून गेला. "नवी हाय, शिकून राहिली."

नेमकी तेव्हाच उझ्मा चहा घेऊन आली.

"व्हय ताई," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

तिनं कप सरळ राजनंदिनीपुढं ठेवला. मकबूलला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीच्या वयाच्या सुनेवर ढकललं, या वयात!

राजनंदिनीनं पिशवीतून दुसरी बॉडी काढली.

"आता तुमच्याच हातानं करा, चाचा. मंगळवारी नेते."

ती गेल्यावर मकबूलनं नवी बॉडी मांडीवर घेतली. मान वर न करताच त्यानं विचारलं,

"उझ्मा, पयला कोणता रंग?"

"बारीक काम आधी, मोठा रंग शेवटी. दुकानाच्या काचेवर मागून लिहिता न्हाई का तुमी, बराबर तसंच. तुमचंच बघून शिकले, अब्बा."

आयुष्यभर काचा लिहिल्या आणि इथंच अक्कल गहाण ठेवली! त्यानं गुमान ब्रश तिच्या हाती दिला. त्याआधी कोपऱ्यातलं सहीचं नाव तेवढं त्यानं स्वतः आतून, उलटं लिहिलं.

मंगळवारी राजनंदिनीनं झिल्ली ओढली. लाल रंग लखलखला. मकबूलची सही असते त्या कोपऱ्यात तिनं वाचलं, "उझ्मा पेंटर."

"म्हणजे ही पण सुनेनंच रंगवली?"

"हीच तिनं रंगवली, पोरी," मकबूल खाली बघत म्हणाला. "ती पयली माझी होती. खोटं बोललो मी."

दाराआड कपबशा वाजल्या.